एका घमेल्याची गोष्ट

आमच्या घरी माळ्यावर एक लोखंडी घमेले आहे. कडेला पोचे आलेले, बुडाला दोन ठिकाणी गंजलेले. दर दिवाळीच्या साफसफाईत सूनबाई ते भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत नेते आणि दर दिवाळीला मी ते परत आणतो. यंदा तिने मला सरळच विचारले, "बाबा, त्या घमेल्यात असं आहे तरी काय?"

तिला जे सांगितले तेच वाचकांनाही सांगावे असे वाटले. कारण गोष्ट घमेल्याची असली तरी ती नुसती आमच्या घरची नाही. संकटात सापडलेल्या माणसाला मदत करायची ती कशी, याचा धडा मला त्या घमेल्याने दिला. आणि कबूल करायला लाज वाटते, परंतु तो धडा एकदा मी साफ विसरलोही.

१२ जुलै १९६१. पुण्यातल्या माझ्या पिढीच्या माणसांना ही तारीख सांगावी लागत नाही. बुधवार होता. मी नऊ वर्षांचा होतो. नदीपासून हाकेच्या अंतरावर, नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांचे आमचे बिऱ्हाड होते. वडील छापखान्यात खिळे जुळवीत. आंबी नदीवरच्या पानशेत धरणाचे काम अजून पुरे व्हायचे होते. त्याचा मातीचा बांध खचू लागला म्हणून आदल्या रात्रभर जवान तेथे वाळूची पोती रचीत होते, हे आम्हांला मागाहून कळले. सकाळी ते धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्यात उतरले आणि दुपारी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले.

लकडी पूल पाण्याखाली गेला, एवढे सांगितले तरी पुणेकराला कल्पना येईल. आईने धाकट्या बहिणीला कडेवर घेतले, माझे मनगट धरले आणि आम्ही पर्वतीच्या दिशेने पळत सुटलो. घरातून काय घेतले? देवातला बाळकृष्ण आणि वडिलांचा चष्मा. माणूस अशा वेळी काय उचलतो, याला काही हिशेब नसतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर पेठापेठांतली माणसे दाटीवाटीने उभी होती आणि कुणी फारसे बोलत नव्हते.

पाणी ओसरल्यावर परत आलो, तर वाड्याची मागची बाजू बसलेली. आमच्या खोल्या उभ्या होत्या. परंतु आत गुडघ्याच्या वर काळा, चिकट गाळ. डबे, पाटा-वरवंटा, माझी पुस्तके, सारे त्याच्या पोटात.

* * *

आमचा मुक्काम एका शाळेत पडला. तेथेच मदत वाटण्याचे केंद्र होते. गावाने आणि परगावाने सढळ हाताने दिले, यात शंका नाही. पुरी-भाजीची पुडकी येत, शेव-चुरमुरे येत, कपड्यांची गाठोडी तर छतापर्यंत रचलेली. ते अन्न खाऊन आम्ही ते दिवस काढले. देणाऱ्या त्या अनोळखी माणसांचे ऋण मी आजही मानतो.

परंतु आईची गोष्ट वेगळी होती. लग्न झाल्यापासून तिने शेजारणीकडे वाटीभर साखरही उसनी मागितली नव्हती. त्या रांगेत उभी राहताना ती पदर कपाळाच्याही खाली ओढून घेई. रांगेच्या तोंडाशी बसलेले गृहस्थ मोठ्या आवाजात नाव, पेठ आणि घरातली माणसे विचारीत. सारी रांग ऐके. त्यांच्या मनात वाईट काही नसावे. गर्दी मोठी होती, आवाज चढणारच. पण आमच्या वाड्यातल्या एक म्हाताऱ्या आजी त्या आवाजापायी रांगेत आल्याच नाहीत. आई आपल्या वाट्यातले त्यांना नेऊन देई.

पहिल्या दिवशी आमच्या गाठोड्यातून एक थोराड माणसाचा लोकरीचा कोट, बाही उसवलेले रेशमी पोलके आणि एकच बूट निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपडे. आईने ते घडी करून ठेवले आणि काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातला एक मुलगा हातात वही घेऊन रांगेच्या कडेकडेने फिरत आला. विशी-एकविशीचा असेल, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. त्याने आईजवळ येऊन हलक्या आवाजात विचारले, "काकू, तुम्हांला काय हवंय?"

आई गप्पच राहिली. तीन दिवसांत हा प्रश्न तिला कोणी केलाच नव्हता. मग ती म्हणाली, "घमेलं मिळेल का? आणि फावडं. घरात गाळ साचलाय. तो काढला की मी माझी चूल मांडीन."

मुलाने ते वहीत लिहून घेतले. संध्याकाळी तो खरोखरच घमेले घेऊन आला, बरोबर दोन मित्र आणि दोन फावडी. ती तीन मुले आणि माझे आईवडील दोन दिवस गाळ उपसत होते. मी घमेले ओढीत दारापर्यंत नेई. चौथ्या-पाचव्या दिवशी आईने तीन विटांची चूल मांडून त्या मुलांना पिठले-भात वाढला. ती तिला जेवू घालू देत होती, संकोच न करता पाटावर बसत होती, हेही मला आज कळते की त्यांचे शहाणपणच होते.

पुढे आई अनेकदा म्हणे, "बाकीच्यांनी मला पूरग्रस्त केलं. त्या मुलानं मला परत घरची बाई केलं." त्याचे नाव विचारायचे राहिले ते राहिलेच.

त्या वर्षी दिवाळीचा किल्ला आम्ही पोरांनी पुराच्याच गाळाचा केला. वाड्याच्या अंगणात त्याचा ढीग पडलेला होता. घमेल्याने तो वाहिला आणि त्याच्यावर अळीव पेरले. इतके हिरवेगार उगवलेले अळीव मी पुन्हा कधी पाहिले नाही.

* * *

आमच्या घराला एक घमेले पुरले; परंतु सगळ्या शहराला काय हवे होते? पहिली गोष्ट म्हणजे पाणी. पुरात बुडालेले शहर पाण्याला मोताद झाले होते, कारण खडकवासला गेले म्हणजे नळ गेला. वाड्यावाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी लोकांनी उपसून पुन्हा वापरात आणल्या. दुसरी गोष्ट म्हणजे छप्पर. शहराची विस्कटलेली घडी बसविण्याचे काम सरकारने स. गो. बर्वे या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. त्यांना पुणे नवे नव्हते. पूर्वी ते येथे महापालिकेचे आयुक्त होते. कोणत्या पेठेत कोण राहतो आणि त्याचे पोट कशावर आहे, हे जाणणारा माणूस त्या खुर्चीवर होता, याचा शहराला उपयोग झाला. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशी नावे पुण्याच्या नकाशावर ठळक झाली ती या पुनर्वसनातून. अर्धगोल पत्र्यांच्या निस्सेन झोपड्या मात्र तात्पुरत्या म्हणून उभारल्या, आणि त्या तात्पुरत्या घरांत माणसांच्या पिढ्या वाढल्या. पूर एका दिवसात ओसरतो. पूरग्रस्ताचे पूरग्रस्तपण ओसरायला कित्येक वर्षे लागतात. मदत करणाऱ्यांचा उत्साह मात्र बहुधा पंधरवड्यापुरताच असतो.

* * *

पुढे १९७२ साल उजाडले. पाऊस गेला, विहिरी आटल्या, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पीक हाती लागले नाही. त्या दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतात. एक सुकडी आणि दुसरा खडी. पोरांना सुकडी वाटली जाई आणि आईबाप रस्त्याच्या कडेला खडी फोडीत. त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर लाखो माणसे होती.

खडी फोडणे हे सुखाचे काम नव्हे. हातांना फोड येत, मजुरी तुटपुंजी असे आणि हजेरीपटाच्या तक्रारीही फार. तरीसुद्धा त्यात एक गोष्ट होती, जी आमच्या शाळेतल्या रांगेत नव्हती. आठवड्याच्या शेवटी माणूस जे घेऊन जाई, ते त्याच्या घामाचे असे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या विचाराला योजनेचे रूप दिले. त्याचा पहिला प्रयोग त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात केला होता. जो काम मागील त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, असा हा रोजगार हमीचा विचार. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी त्याच धर्तीचा कायदा संसदेने केला.

यात आम्हां शहरवासीयांचा वाटा कोणता? १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर लागू झाला, तो या रोजगार हमीच्या खर्चासाठी. मी नुकताच बँकेत लागलो होतो. पगारपत्रकातली ती कपात पाहून आम्ही सारे कारकून चहाच्या टेबलावर कुरकुरत होतो. एकदा घरीही कुरकुरलो. आई भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे पैसे कुठल्या रांगेत गेले ते तुला दिसत नाही ना? मग बरं आहे. ज्याला मिळाले त्यालाही तू दिसत नाहीस."

मला तेव्हा तिचे बोलणे नीटसे उमगले नाही. ज्याने दिले त्याचे तोंड पाहावे लागत नाही, त्यापुढे मान लववावी लागत नाही, असे देणे तिच्या मते सर्वांत हलके होते. घेणाऱ्याला हलके, या अर्थाने.

* * *

आता माझ्या विसरण्याची गोष्ट.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मराठवाड्यातही गावोगावी गणपती बोळवून माणसे रात्री उशिरा घरी येऊन झोपली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. त्या भागातली घरे माळवदाची. भिंती दोन-दोन हात रुंद, गोट्यांच्या आणि मातीच्या; वर लाकडी पाट्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार अशी ही घरे त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली.

साऱ्या महाराष्ट्राप्रमाणे आमचे पुणेही हेलावून गेले. मी चाळिशी ओलांडली होती. वसाहतीचा चिटणीस होतो. दोन दिवसांत आम्ही घरोघर फिरून ट्रकभर कपडे गोळा केले. मोठ्या अभिमानाने मी ते आईला सांगायला गेलो. तिचे वय झाले होते, डोळ्यांना कमी दिसे. तिने एवढेच विचारले, "त्यांना विचारलंस का, काय हवंय ते?"

"अगं, तिथं विचारायला वेळ कुणाला आहे?" मी म्हणालो आणि ट्रकबरोबर गेलो.

त्या रस्त्यावर जे पाहिले ते सांगायला संकोच वाटतो. आमच्यासारखे कितीतरी ट्रक आधीच येऊन गेले होते. कडेच्या चिखलात कपड्यांचे ढीग पडलेले, त्यांवरून पावसाचे पाणी वाहत होते. एका गावाबाहेर आम्ही गाठोडी सोडली. नऊवारी लुगडे नेसलेली एक बाई पुढे आली, तिने वरचाच एक झगा उचलून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "दादा, ह्ये मी कुठं घालू? तवा आणलाय का? भाकरी कशावर टाकू?"

आमच्या ट्रकमध्ये एकही तवा नव्हता.

नऊ वर्षांचा असताना ज्याने घमेले ओढले होते, तो मी तेथे एकच बूट असलेले गाठोडे घेऊन उभा होतो. परत आलो, आईला सारे सांगितले. ती रागावली नाही. "पुढच्या खेपेला तवे ने," म्हणाली. पुढच्या खेपेला आम्ही तवे, पातेली, बादल्या आणि कंदील नेले. आणि नेण्यापूर्वी तिथल्या शिक्षकाला गाठून गावातल्या बायांना विचारले.

* * *

हीच चूक मोठ्या प्रमाणावरही होते, हे पुढे दिसले. बावन्न गावे मुळातून उठवून नव्या जागी वसविली गेली. त्यात फार मोठे काम झाले आणि अनेक संस्थांनी ते मनापासून केले. परंतु जेथे घेणाऱ्याला विचारले नाही तेथे घोटाळा झाला. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आले आणि जुन्या गल्लीतला शेजार तुटला. ओसरी नाही, गोठा नाही, दळण-कांडणाला आडोसा नाही, अशी पक्की घरे काही ठिकाणी मिळाली. भिंत भक्कम होती, पण घर आपले वाटत नव्हते.

जेथे विचारले तेथे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ज्या गावांत घरे पडली नव्हती, पण खिळखिळी झाली होती, तेथे दुरुस्ती आणि मजबुतीचे काम ज्याचे त्याने करायचे असे ठरले. सरकारने पैसे आणि अभियंते दिले. अशी घरे लाखांच्या घरात होती. शेकडो गावांत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' नेमले गेले. कालपर्यंत चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या या बाया भिंतीत आडवा लांब दगड कोठे घालायचा, छपराखाली काँक्रीटचा पट्टा कशाला हवा, हप्ता केव्हा मागायचा, हे दारोदार जाऊन समजावू लागल्या. गवंड्याच्या कामातली चूक दाखवू लागल्या.

या बायांची खरी कसोटी पुढेच होती. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले ढिगाऱ्याखाली गेली. देशभरातून मदतीचा ओघ लागला. त्या ओघात लातूर-उस्मानाबादकडच्या काही बायाही कच्छमध्ये गेल्या. त्यांच्याजवळ देण्यासारखे धन नव्हते. भाषा वेगळी, वेष वेगळा. पण आपले घर पडल्यावर आपण काय केले, कोठे फसलो, पुन्हा उभे राहताना कोणापाशी काय मागितले, हे त्यांच्यापाशी होते. आणि ते घेऊन त्या कच्छी बायांच्या शेजारी जाऊन बसल्या.

वाचकहो, परतफेड म्हणतात ती आणखी काय वेगळी असते? पुण्याहून आलेले कपडे त्यांनी पुण्याला परत केले नाहीत. आपण रांगेत उभे राहून जे शिकलो ते पुढच्या रांगेतल्या माणसाला दिले.

* * *

देणारा कोण आणि घेणारा कोण, या जागा कायमच्या नसतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराच्या घशाला कोरड पडली, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. ज्या सांगली जिल्ह्याने हे पाणी दिले, तोच जिल्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात बुडाला. तीन वर्षांपूर्वी पाणी देणारी माणसे आता पिण्याच्या पाण्याची वाट पाहत छपरांवर बसली होती.

म्हणून रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, की ती जागा उद्या आपली असू शकेल. हे ध्यानात असले म्हणजे आवाज आपोआप खाली येतो. फाटके गाठोडे बांधताना हात थबकतो. फोटो काढायची इच्छा होत नाही. आणि पंधरवडा उलटून गेल्यावरही एखादे पत्र टाकावे, एखादी खेप करावी, असे वाटत राहते.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या वसाहतीत मात्र तिने एक रीत घालून दिली आहे. कोठेही पूर, आग, भूकंप झाला की आम्ही प्रथम कपडे गोळा करीत नाही. प्रथम तिथल्या कुणाला तरी गाठतो आणि विचारतो. कधी उत्तर येते केरसुण्या आणि फिनेल. कधी गुरांना वैरण. कधी मुलांची वह्या-पुस्तके. कधी उत्तर येते, "आता काही नको, दोन महिन्यांनी या, तेव्हा कोणी येत नाही." हे शेवटचे उत्तर आले, की आम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवतो आणि दोन महिन्यांनी जातो.

हे सारे ऐकल्यावर सूनबाईने घमेले स्वतःच धुऊन पुसून ठेवले. धाकटा नातू त्यात माती घेऊन खाली गेला आहे. सोसायटीतल्या पोरांचा किल्ला चालला आहे, शिवनेरी की सिंहगड यावर वाद पेटला आहे. थोड्या वेळापूर्वी तो वर धावत आला आणि मला म्हणाला, "आजोबा, किल्ल्यासाठी तुम्ही आम्हांला काहीतरी द्या ना!"

मी विचारले, "काय हवंय?"

तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "अळीव."